वाचकांचे प्रश्न : भूगर्भातील वायूचे कोठार वाढवायला परवानगी कशाला?

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत नोकरीस आहे. तेथील एका कंपनीने जमिनीखालच्या नैसर्गिक वायूच्या साठ्याची क्षमता वाढविण्यासाठी केंद्रीय आयोगाकडे अर्ज केला, त्याला वर्ष होत आले तरी मंजुरी नाही, असे तो सांगतो. साठा आधीपासूनच आहे, मग त्यात आणखी वायू भरायला एवढा खटाटोप का? आणि असे कोठार आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी होऊ शकेल काय?
— एक केळी उत्पादक, यावल (जि. जळगाव)

उत्तर : ‘साठा’ म्हटले की डोळ्यांसमोर टाकी येते, पण अमेरिकेतील अशी बहुतेक कोठारे म्हणजे उपसून रिकामी झालेली तेल वा वायुक्षेत्रे आहेत. तेथे वायू पोकळीत नव्हे, तर वालुकाश्माच्या बारीक छिद्रांत दाबाखाली राहतो आणि वरचा अभेद्य खडक त्याला अडवून धरतो. त्यातला बराचसा वायू कधीच विक्रीला काढत नाहीत. विहिरीत फूटव्हॉल्व्ह बुडेल इतके पाणी आपण राखून ठेवतो, तसा तो दाब टिकविण्यासाठी राखलेला असतो. म्हणून क्षमता वाढविणे म्हणजे बहुधा दाब वाढविणे किंवा नव्या विहिरी खोदणे होय, आणि दोन्हींचा ताण वरच्या खडकावर व जुन्या विहिरींवर येतो.

आपल्याकडे जुन्या वाड्यांत धान्याचे पेव असे. ते उघडल्याबरोबर जाणती माणसे आत उतरत नसत. आधी दोरीने कंदील सोडून ज्योत टिकते का, ते पाहत. वायूच्या कोठारातही धोक्याची जागा तोंडाशीच असते, आणि येथे तोंड म्हणजे विहीर. जानेवारी २००१ मध्ये कॅन्सस राज्यातील हचिन्सन येथे मिठाच्या थरातील कोठारातून निसटलेला वायू सुमारे ११ किलोमीटर दूर शहराखाली पोहोचला, विस्मरणात गेलेल्या जुन्या खाऱ्या पाण्याच्या विहिरींतून वर आला आणि त्याच्या स्फोटांत दोन माणसे दगावली. ऑक्टोबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील अलिसो कॅन्यन येथे १९५३ च्या सुमारास खोदलेल्या विहिरीची नळी बाहेरच्या बाजूने गंजून फुटली. गळती थांबायला फेब्रुवारी २०१६ उजाडला, तोवर सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला आणि हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. या विहिरीतील खोलवरची सुरक्षा झडप १९७९ मध्ये काढली होती. ती पुन्हा बसविलीच नव्हती.

आंतरराज्य व्यवहाराच्या कोठारांना १९३८ च्या नैसर्गिक वायू कायद्याखाली केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाचे ‘सार्वजनिक सोय व गरज’ प्रमाणपत्र लागते. वाढीव वायूला खरोखर गिऱ्हाईक आहे काय, पर्यावरणावर परिणाम काय होईल, शेजाऱ्यांची हरकत काय, हे सारे आयोग तपासतो. कारण प्रमाणपत्र मिळताच कंपनीला आवश्यक ती जमीन मालकाच्या मर्जीविरुद्धही, मोबदला देऊन, संपादन करता येते. दुसऱ्याच्या बांधाला हात घालण्याचा अधिकार देताना वर्षभर विचार झाला, तर शेतकऱ्याने त्याला दिरंगाई म्हणू नये, असे मला वाटते. मात्र विहिरींच्या सुरक्षिततेचे देशव्यापी नियम अलिसो कॅन्यननंतर, डिसेंबर २०१६ मध्येच आले, हे त्या व्यवस्थेला शोभणारे नव्हे.

सातपुड्याच्या पायथ्याविषयी मात्र उत्तर नकारार्थी आहे. खानदेशात रिकामे झालेले वायुक्षेत्र नाही, बेसाल्टचे थर सांधे-भेगांनी चिरलेले आहेत, आणि तापीच्या गाळातले पाणी तर तुमच्याच केळीला जाते. तेथे वायू भरण्याचा विचारही कोणी करू नये. भारतात विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर येथे खडक कोरून एकूण ५३.३ लाख टन क्षमतेची भूमिगत कोठारे केली आहेत, पण ती कच्च्या तेलाची आहेत, आणि तेथील खडकही आपल्यापेक्षा निराळा आहे.

पुतण्याला अर्जातील एकच गोष्ट पाहायला सांगा : त्या क्षेत्रात वापरातून गेलेल्या विहिरी किती आहेत, आणि त्यांपैकी किती सिमेंटने तळापासून बुजविल्याची नोंद आहे.