फायली उचलायचं काम आहे, हे खरंय

तुझा प्रश्न दोनदा वाचला. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, झालंय तुझं, माहेर निफाडचं, नाशिकमधल्या एका कॅन्सर रुग्णालयातून 'पेशंट नॅव्हिगेटर' म्हणून ऑफर आलीये. काम नेमकं काय, सायन्सची नसताना जमेल का आणि रोज मरणाच्या इतक्या जवळ राहून माणूस कोरडा होतो का, असं विचारलंयस. वर भावाचं म्हणणं, "नाव इंग्रजी, काम फायली उचलायचं." वयाने माझ्या लेकीएवढी असशील म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. मी सोळा वर्षं वॉर्डात सिस्टर होते, गेली नऊ वर्षं हे काम करतेय.

भाऊ चुकीचा नाही. फायली उचलाव्या लागतात. फक्त कुठली फाइल कुठे पडून राहिलीये आणि ती अजून दोन दिवस पडून राहिली तर कुणाचं काय होईल, हे त्या इमारतीत बहुतेक वेळा एकट्या तुलाच माहीत असतं.

माझ्याच हातून घडलेलं सांगते. सुरगाण्याच्या पलीकडच्या पाड्यावरच्या एक मावशी होत्या. वर्षानुवर्षं मिश्री लावलेली, गालात आतून व्रण. बायोप्सी झाली, रिपोर्ट आठवड्यात आला. फाइलवर फोन नंबर होता भाच्याचा, कारण त्या दिवशी जीप घेऊन तोच आला होता. तो दुसऱ्या दिवशी कामाला वापीला निघून गेला आणि नंबर बदलला. लॅबने रिपोर्ट ओपीडीत पाठवला. ओपीडीला वाटलं, पेशंट येईल. मावशींना वाटलं, काही असतं तर दवाखान्यातून फोन आला असता. एक्केचाळीस दिवस गेले. त्या आल्या तेव्हा मानेत गाठ हाताला लागत होती. लॅब, ओपीडी, डॉक्टर, सगळ्यांनी आपापलं काम वेळेत केलं होतं. मधली जागा माझी होती, आणि मी तो एक नंबर तपासला नव्हता.

तेव्हापासून मी तीन नंबर घेते. एक पेशंटचा स्वतःचा. दुसरा त्याच घरात झोपणाऱ्या माणसाचा, सोबत आलेल्याचा नाही. तिसरा गावात हमखास फोन उचलणाऱ्याचा, म्हणजे आशाताई किंवा किराणा दुकानदार. त्या तिसऱ्याला आजाराचं नाव कधी सांगायचं नाही, "दवाखान्यात फोन करायला सांगा" एवढंच. कॅन्सर हा शब्द गावात आपल्याआधी पोचला तर मुलीची सोयरीक मोडते, हे मी पाहिलंय.

या कामाची सुरुवातही असल्याच मधल्या जागेतून झाली. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम हॉस्पिटलचे सर्जन डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांच्याकडे गरीब वस्तीतल्या बायका स्तनाच्या कॅन्सरच्या फार पुढच्या टप्प्यावर यायच्या. गाठ लक्षात येणं आणि उपचार सुरू होणं यामध्ये पैसा, भीती, कागद आणि हेलपाटे असं सगळं आडवं यायचं. १९९० मध्ये त्यांनी हे अडसर काढायला माणसं नेमली. आपल्याकडे टाटा मेमोरियलने टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसबरोबर याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम काढला, त्याचं नाव 'केवट'. रामाला गंगापार नेणारा नावाडी. आपण पंचवटीवाले, आपल्याला हे नाव वेगळं समजवायला नको. नोकरी एक-दोन वर्षांनी केलीस तरी चालणार असेल तर तो कोर्स आधी कर, असं माझं मत. नसेल तर काम करत शिकशील, मी तशीच शिकले.

सायन्सचं म्हणशील तर शब्द तीन महिन्यांत येतात. केमोचं सायकल बऱ्याचदा एकवीस दिवसांचं, काउंट पडणं म्हणजे काय, पेट स्कॅन कशासाठी, सगळं कानावर पडून पडून बसतं. कागदांना मात्र वर्ष लागतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पूर्वी दीड लाख होतं. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलाशी पोचल्यावर कळतं की आधारवर बाईंचं नाव सासरचं आणि रेशनकार्डावर माहेरचं. किंवा लग्नाला सहा वर्षं झाली तरी सुनेचं नाव कार्डात चढवलेलंच नाही. मग तहसील, सेतू, परत तहसील. तोवर घरचे घाबरून रोख भरून उपचार सुरू करतात, आणि आधी भरलेले पैसे योजनेतून परत मिळत नाहीत. म्हणून पेशंट पहिल्यांदा समोर बसला की रिपोर्टच्याही आधी मी रेशनकार्ड मागते. बायोप्सीचा रिपोर्ट यायला जे सात-आठ दिवस लागतात, त्यातच नावाची दुरुस्ती उरकायची. रिपोर्ट आल्यावर धावाधाव सुरू केलीस की प्रीऑथवर, म्हणजे उपचाराआधी योजनेकडून घ्यायच्या मंजुरीवर, क्वेरी पडलीच म्हणून समज.

योजनेत बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालयाचा रस्ता आहे. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. पण "खाट शिल्लक नाही" हे उत्तर तोंडी घेऊन परतू नकोस. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची, उत्पन्नाचा दाखला जोडायचा. पोच मागितली की बोलण्याचा सूर बदलतो. याशिवाय शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय आणि सिव्हिल ही दोन्ही ठिकाणं स्वतः एकेक दिवस फिरून ये, पेशंट म्हणून रांगेत उभी राहा. कुठली खिडकी किती वाजता बंद होते हे बाहेर कुठेच लिहिलेलं नसतं.

मुंबईला टाटाला पाठवायचं झालं तर तो वेगळाच संसार. सकाळची पंचवटी, दादरला उतरायचं, पुढे परळ. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्याला भाड्यात सवलत मिळते, त्याचा फॉर्म उपचार करणाऱ्या रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो. हे निम्म्या लोकांना ठाऊकच नसतं. मुक्काम लागणार असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन, अशा ठिकाणी आधी चौकशी करायची, तिथे उतरल्यावर नाही. आणि बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, व त्याच्या काचेच्या स्लाइड सोबत दिल्याच पाहिजेत, नाहीतर तिकडे पहिला आठवडा त्यातच जातो. ब्लॉक मेणाचा असतो. एका दादांनी तो एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला होता. पुढचं सांगत नाही.

आता फोन. या नोकरीतला अर्धा दिवस फोनवर जातो आणि त्यातला एक फोन कधीच चुकवायचा नाही. केमो झाल्यावर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खाली असतात. त्या काळात ताप १००.४ च्या वर गेला तर ती इमर्जन्सी असते. गावात काय होतं, तापाची गोळी दिली, घाम आला, बरं वाटलं, "उद्या बघू". मी डे-केअरमधून सोडतानाच प्रत्येकाला थर्मामीटर आहे का विचारते. नसेल तर समोरच्या मेडिकलमधून घ्यायला लावते आणि वापरून दाखवायला सांगते. मग आठव्या दिवशी मीच फोन करते. मालेगाव-सटाण्याकडची माणसं असली तर चार वाक्यं अहिराणीत बोलते, "दुखस का?" एवढं विचारलं तरी पलीकडचा आवाज मोकळा होतो. शुद्ध मराठीत विचारलं की सगळे "बरंय" म्हणतात.

रेडिएशनचं गणित आणखी निराळं. सोमवार ते शुक्रवार रोज, असे पाच-सहा आठवडे. दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर ही तारीख दिलीस तर तो "हो" म्हणेल आणि येणार नाही. त्याला खोटारडा ठरवू नकोस. बागेत वर्षाचं पीक उभं राहायचं असतं, आणि त्याच्या डोक्यात आजाराला अजून तेवढी जागा झालेली नसते. डॉक्टरांना विचार, आठ दिवस पुढे-मागे चालेल का? ते "नाही" म्हणाले तर घरात बाग बघू शकणारा दुसरा कोण आहे ते शोध. भाऊ, साडू, शेजारी, कुणीतरी निघतं. मला तरी उपचाराची तारीख टिकवायला समुपदेशनापेक्षा साडू जास्त वेळा उपयोगी पडलाय.

सगळ्यात अवघड काय, तर "त्यांना सांगू नका, सिस्टर." मुलगा दाराशी अडवून हात जोडतो. आत वडील बसलेले असतात, ज्यांना बहुधा सगळं कळलेलं असतं. निदान सांगणं आपलं काम नाही, ते डॉक्टरांचं, आणि किती दिवस उरलेत हे तर कधीच आपण बोलायचं नाही. पण खोटंही बोलायचं नाही. मी मुलाला म्हणते, "मी आपण होऊन काही सांगणार नाही, पण त्यांनी मला विचारलं तर खोटं बोलणार नाही." मग पेशंटला विचारते, "काका, आजाराबद्दल तुम्हाला स्वतःला ऐकायला आवडेल की मुलाशी बोललेलं चालेल?" काहीजण म्हणतात, पोरगा बघेल. एक काका म्हणाले, "पोराला सांगू नका मला कळलंय ते, घाबरेल तो." बाप आणि लेक दोघं एकमेकांपासून तेच लपवत होते. डॉक्टरांना सांगून दोघांना एका खोलीत बसवलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, बाहेर आले तेव्हा मुलाने वडिलांच्या चपला हातात घेतल्या होत्या.

शेवटच्या टप्प्यात मॉर्फिनची गोळी निघते आणि घरात रडारड होते, कारण मॉर्फिन म्हणजे शेवट असं डोक्यात बसलंय. ती गोळी दुखण्यासाठी आहे. साधी गोळी चार-चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची, दुखायला लागण्याची वाट बघायची नाही. तिने पोट घट्ट होतं, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध लिहिलेलं असतं. ते "एवढं काय" म्हणून घेतलं जात नाही, मग पोटाच्या त्रासाने कंटाळून पेशंट मॉर्फिनच बंद करतो. हे मी किती घरांत पाहिलं त्याची मोजदाद नाही. चिठ्ठीवर दोन्ही नावांना कंस करून वर 'जोडी' लिहीत जा.

कोरडं होण्याबद्दल विचारलंस. मी झाले नाही, पण मधली दोन वर्षं वाईट गेली. घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे. कुणी गेलं की नंबर फोनमधून पुसून टाकायचे, आणि ते पुसणंच मला जड जायचं. आता पुसत नाही. तेराव्यानंतर एक फोन करते, योजनेचे आणि विम्याचे कागद पूर्ण आहेत ना, मृत्यूचा दाखला मिळाला का, एवढंच विचारते. माणसं जेवणाखाण्याचं बोलतात आणि फोन ठेवतात. त्याने मला बरं वाटतं, का ते ठाऊक नाही. पहिल्या सहा महिन्यांत रडू येईलच. स्टाफ टॉयलेटमध्ये रड, पेशंटसमोर डोळे भरले तरी चालतात, फक्त त्यांना तुझी समजूत काढावी लागता कामा नये.

एक गोष्ट ऑफर घेण्याआधी विचार. काही ठिकाणी नाव नॅव्हिगेटरचं आणि काम गिऱ्हाईक टिकवायचं असतं. महिन्याला किती पेशंट 'कन्व्हर्ट' करायचे याचं टार्गेट आहे का, आणि पेशंटला दुसरीकडे स्वस्तात किंवा मोफत होत असेल तर तसं सांगायची मुभा आहे का, हे मुलाखतीत सरळ विचार. उत्तर देताना ते एकमेकांकडे बघायला लागले तर समजून जा. रुजू झाल्यावर लॅबवाले, ॲम्ब्युलन्सवाले, औषध दुकानवाले पाकीट घेऊन येतील, दिवाळीला मिठाईच्या खोक्यातून येईल. पहिलंच परत कर. पहिलं ठेवलंस की तुझ्या चिठ्ठीवरच्या प्रत्येक पत्त्याला किंमत लागली.

पगाराचं तू विचारलं नाहीस, पण सांगते, सुरुवातीला वॉर्डातल्या सिस्टरपेक्षा कमीच असतो. निफाडहून रोज येऊन-जाऊन करणार असशील तर प्रवासाचा हिशोब आधी मांड.

आणि हो, एक वही घे. फाइल नंबर, तीन फोन, पुढची तारीख, आणि ती तारीख का चुकू शकते, असे चार रकाने पाड. चौथ्या रकान्यात यात्रा, छाटणी, पोराची परीक्षा, एसटीची वेळ, सगळं येतं. तुझ्यासाठी पहिली नोंद मीच करून देते. रुजू व्हायचं म्हणून तू लिहिलेला सोमवार हा तिसरा श्रावणी सोमवार आहे. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेची, म्हणजे फेरीची गर्दी आदल्या दिवसापासूनच सुरू होते. सीबीएसवरून त्र्यंबक रोडने जाणार असशील तर घरून तासभर आधी निघ.