सुविचाराखालचं नाव खरं आहे का, हे कसं तपासायचं?

आयुष्य, मन, सर्जनशीलता, समाज यांवरच्या सुविचारांचा संग्रह करताना कुठलं वाक्य नेमकं कोणाचं हे कसं ठरवायचं, असं तुम्ही विचारलंय. माझी अट एकच: ग्रंथ आणि अध्याय, किंवा लेख आणि तारीख मिळाली नाही, तर नाव छापायचं नाही.

आधी मृत्यूचं साल बघा. 'तेच तेच करून वेगळ्या निकालाची अपेक्षा म्हणजे वेडेपणा' हे आइन्स्टाइनच्या नावावर फिरतं. ते गेले १९५५ मध्ये, आणि या वाक्याचे सापडलेले जुने छापील दाखले १९८१च्या आसपासचे. कधी चरित्रकाराचं वाक्यच नायकाच्या तोंडी जातं. 'तुमचं म्हणणं मला पटत नाही, पण ते मांडण्याचा तुमचा हक्क मी प्राणपणाने राखेन' हे व्हॉल्टेअरचं नाही. त्याची वृत्ती सांगताना एव्हलिन बिअट्रिस हॉल यांनी ते १९०६ मध्ये लिहिलं, तेही अवतरणचिन्हांत. मग काय, लोकांनी ते त्याचंच धरलं!

शोधताना वाक्यातले सलग चार-पाच शब्द अवतरणचिन्हांत टाकून गूगल बुक्समध्ये शोधा. नियतकालिकाचं तिथे दिसणारं साल कधी कधी पहिल्या अंकाचं असतं, म्हणून पानावरची तारीख वाचल्याशिवाय ते धरू नका. मराठीत अडचण अनुस्वारांची. तुकोबांचं 'सर्व सिद्धीचे कारण' जुन्या छपाईत 'सिद्धीचें' असं असतं, त्यामुळे दोन्ही रूपं टाकून बघा. भाषांतरित वाक्य मात्र मूळ भाषेतच शोधावं लागतं, मराठीतून हाती काही लागत नाही. इंग्रजी विकीक्वोट या अवतरणांच्या संकेतस्थळावर चुकीने एखाद्याच्या नावाला जोडलेल्या वाक्यांचा वेगळा भाग असतो, तोही चाळा.

नाव बरोबर असूनही वाक्य अर्धं असू शकतं, आणि मला हे जास्त घातक वाटतं. 'कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन' (गीता २.४७) इथेच तोडतात. पुढची ओळ 'मा कर्मफलहेतुर्भूर्मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि' अशी आहे. म्हणजे फळासाठी कर्म करू नकोस, पण काहीच न करण्याचीही आसक्ती नको. हा शेवटचा भाग गाळला की श्लोक 'मोबदला मागू नका' एवढ्यावर येतो, आणि कामाला जुंपणाऱ्याला तो फार सोयीचा पडतो. जोतीराव फुल्यांचं 'विद्येविना मती गेली' हेही 'शेतकऱ्याचा असूड'मधून (१८८३) 'इतके अनर्थ एका अविद्येने केले' इथपर्यंत पूर्ण घ्या. मधला 'वित्ताविना शूद्र खचले' गाळला तर ते नुसतं अभ्यासाचं घोषवाक्य उरतं.

नोंद करताना वाक्य, मूळ भाषेतला पाठ, ग्रंथ, आवृत्ती, पान आणि अनुवादकाचं नाव लिहा. एवढं करूनही मूळ लागलं नाही आणि वाक्य आवडलंच असेल, तर खाली 'कर्ता अज्ञात' लिहून ते खुशाल ठेवा.