अंतराळातली यादवी लिहिताय? आधी मध्यस्थ उभा करा

सुरुवात कुठून करू, असं विचारलंत. पहिलीच कादंबरी आणि थेट ताऱ्यांमधल्या यादवीत मध्यस्थी! विषय फार आवडला, नक्की लिहा. फक्त जहाजं आणि तोफांपासून सुरुवात करू नका. बहुतेक नवे लेखक तिथेच अडकतात. चाळीस पानं आरमाराची, आणि मध्यस्थ येतो तेव्हा त्याला बोलायलाच काही उरत नाही.

आधी एवढंच ठरवा:

१. दोन्ही बाजू आत्ताच का बोलतायत? मोझांबिकच्या यादवीत सरकार आणि बंडखोर यांची बोलणी रोममध्ये १९९० ते १९९२ चालली. लढून दोघेही थकले होते, त्यात दुष्काळ. मध्यस्थांमध्ये सांतेजिदिओ ही कॅथलिक संस्था होती. तिच्याकडे सैन्य नव्हतं, पण दोघांचा विश्वास होता. तुमच्या मध्यस्थाकडे काय आहे?

२. शस्त्रं आधी कोण खाली ठेवणार? खरा थरार इथे आहे. इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या २००५ च्या शांतता करारात बंडखोरांनी ८४० शस्त्रं चार टप्प्यांत द्यायची आणि त्याच वेळी सरकारी फौजा टप्प्याटप्प्याने मागे घ्यायच्या, असं ठरलं. प्रत्येक टप्पा म्हणजे एक प्रकरण! तुमच्या कथेत तिसऱ्या टप्प्यात मोजताना एक जहाज कमी निघालं तर?

३. निरोप किती वेळात पोचतो? प्रॉक्सिमा सेंटॉरी हा सूर्याला सगळ्यात जवळचा तारासुद्धा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. प्रकाशवेगाची मर्यादा पाळलीत तर युद्धबंदीचा आदेश तिथे पोचेपर्यंत चार वर्षं लढाई चालूच राहील.

आणि एका बाजूला निव्वळ खलनायक करू नका, मग मध्यस्थीला अर्थच उरत नाही.

राजघराणी, भाषा, आरमाराची रचना सगळं नंतर. आधी बोलणीच्या खोलीतला पहिला तास लिहा आणि इथे टाका, मी वाचतो.