परसातल्या सातेरीच्या (भारतीय मधमाशीच्या) पेटीतून काढलेला मध बाटलीत फसफसतोय, झाकण उघडताना हवा सुटते. मध खराब झाला का? याचं मीड (मधाचं मद्य) होईल का?

मध आंबायला लागलाय. विषारी नाही, पण टिकणार नाही आणि त्याचं आपोआप मीडही होणार नाही. मधात यीस्ट नैसर्गिकरीत्या असतंच, फक्त पाणी कमी असेल तोवर ते वाढत नाही. भारतीय मानकात मधातल्या पाण्याची मर्यादा २० टक्के आहे. सातेरीचा मध मुळातच पातळ, त्यात दमट हवेत काढला किंवा माश्यांनी मेणाने बंद न केलेली घरं मधयंत्रात फिरवली, की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पुढच्या वेळी पोळ्याची चौकट आडवी धरून हलकासा झटका द्या. थेंब उडाले तर मध अजून कच्चा आहे, पेटीत परत ठेवा. आत्ता झाकण सैल करा, नाहीतर काच फुटू शकते, आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवून स्वयंपाकात लवकर संपवा. मीडसाठी मधात तिप्पट-चौपट पाणी आणि निवडलेलं यीस्ट लागतं, शिवाय महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे तो नाद नकोच.

फक्त एक बघा: नुसताच पांढरा फेस असेल, आंबूस वास नसेल, तर ते मध काढताना शिरलेल्या हवेचे बुडबुडे असतात. तो मध चांगला आहे.