शर्यतीत ग्रेहाउंडच्या मांडीचा स्नायू दुखावला तर चोळावा की बर्फ लावावा? किती दिवसांनी परत पळवता येईल?

तुम्ही लिहिलंय, "काल शर्यतीनंतर उजव्या मांडीला आतून सूज आलीय, ट्रेनर म्हणतात गरम मलम लावून चांगलं रगड, दोन दिवसांत मोकळी होईल." हे वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

रगडू नका. मलम नको, गरम पाण्याची पिशवीसुद्धा नको.

मी आठ वर्षं रेसिंग केनेलमध्ये कुत्री सांभाळली. त्यातली एक, नाव काळी. २७ किलोची मादी, वळणावर आतून घुसून पुढे जायची. एका शर्यतीत दुसऱ्या वळणावर तिचा वेग एकदम मोडला. शेवटून दुसरी आली, पण लंगडत नव्हती. मांडीच्या आतल्या बाजूला पट्ट्यासारखा ग्रॅसिलिस नावाचा स्नायू असतो, तो फाटला तरी बरीच कुत्री चालताना सरळ चालतात. माणसं फसतात ती इथेच. शर्यती बहुतेक घड्याळाच्या उलट दिशेने होतात. ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेग असताना डावीकडे वळायचं म्हणजे बाहेरच्या, उजव्या मागच्या पायावर केवढा ताण येतो बघा. त्यामुळे हा स्नायू उजवीकडचाच जास्त जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बाहेर काढलं तर मांडी आतून जांभळीनिळी झालेली, रंग पार खाली घोट्याकडे उतरलेला. ग्रेहाउंडची कातडी पातळ आणि केस विरळ, त्यामुळे रक्त कुठवर झिरपलंय ते डोळ्यांना दिसतं. वरून खाली बोट फिरवलं. मांडीच्या मध्यावर अंगठा आत गेला, अर्धं पेर बुडेल एवढा खड्डा. त्याच्या खाली मऊ गोळा. खड्डा लागला म्हणजे स्नायूचे धागे तुटून टोकं आखडून बाजूला गेली आहेत. हे सांगायला कुठलं यंत्र लागत नाही.

मी आमच्या केनेलच्या ट्रेनरना दाखवलं. ते म्हणाले, "रक्त साकळलंय, फिरवलं की जाईल." तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, वीस-वीस मिनिटं गरम मलम लावून अंगठ्यांनी रगडलं. मी तिचं डोकं धरून बसायचो. काळी ओरडणारी नव्हती. ओठ चाटायची, मागचा पाय थरथरायचा. प्रत्येक वेळी सूज थोडी वाढलेली असायची. बर्फ लावू या, असं मी दोनदा म्हणालो. उत्तर एकच, "तीस वर्षं कुत्री पळवतोय मी."

तीस वर्षं एकच चूक केली तरी ती तीस वर्षांचीच होते. ते मला त्यांच्या तोंडावर म्हणता आलं नाही, ते आज इथे लिहितोय. फाटलेल्या जागी बारीक रक्तवाहिन्या नुकत्या बंद होत असतात. त्यावर जोर दिला, उष्णता दिली, की त्या पुन्हा उघडतात. रक्त जितकं जास्त साठतं, तितकी भरून येताना तिथे स्नायूऐवजी व्रणाची गाठ जास्त होते. ती गाठ ताणली जात नाही. मग पुढचा झटका तिच्या शेजारच्या चांगल्या धाग्यांवर बसतो.

पाचव्या दिवशी पशुवैद्यांकडे नेलं. त्यांनी हात लावला आणि विचारलं, "पहिल्या दोन दिवसांत का नाही आणलं? टोकं ओढून शिवता आली असती." मी काही बोललो नाही. भरून यायला अडीच महिने गेले. काळी परत पळाली, दोन शर्यती ठीक गेल्या, तिसऱ्यात त्याच व्रणाच्या कडेला फाटलं आणि तिचं पळणं संपलं. मी तिला घरी आणलं. आता म्हातारी झालीय. झोपलेली असताना मांडीवर हात ठेवला की पेन्सिलीएवढी कडक दोरी अजून लागते.

आता तुमचं. पहिले दोन दिवस बर्फ, कापडात गुंडाळून, १०-१५ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ थेट लावू नका. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते, कातडी लगेच भाजते. पिंजऱ्यात विश्रांती, शी-शूपुरतं पट्ट्यावर बाहेर. दुखतंय म्हणून माणसांची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका, पोटात आतून जखमा होतात आणि मूत्रपिंडं जातात. कुत्र्यांना चालणारी वेदनाशामकं वेगळी असतात, तीही डॉक्टर देतील तीच द्या. लघवी कॉफीसारखी काळपट झाली तर प्रकरण एका स्नायूचं राहिलेलं नाही, लगेच उचलून न्या.

किती दिवस, ते न बघता सांगणारा थापा मारतोय. नुसता ताण असेल तर दोन-तीन आठवडे, अर्धवट फाटला असेल तर दीड-दोन महिने, पूर्ण तुटला असेल तर काही महिने, आणि तरीही पूर्वीचा वेग येईलच असं नाही. सूज उतरली म्हणून थेट ट्रॅकवर सोडू नका. आधी पट्ट्यावर चालणं, मग हलकी धाव, मग एकट्याने सरळ रेषेत, वळणं सगळ्यात शेवटी.

एक सांगायचं राहिलं. मालिश वाईट असं माझं म्हणणं नाही. रक्तस्राव थांबल्यावर, साधारण चौथ्या-पाचव्या दिवसानंतर, हलक्या हाताने केलेली मालिश आणि पाय सावकाश लांबवणं यांनी व्रण मऊ राहतो. अल्ट्रासाउंडचा, म्हणजे ध्वनिलहरींच्या यंत्राने दिलेला, शेकही तेव्हाच, आधी नाही. शर्यतीनंतर नुसती गोळा येऊन कडक झालेली पाठ हाताने सुटलेली मीही पाहिलीय. कदाचित त्या ट्रेनरांनी तसलीच कुत्री जास्त पाहिली असतील. मी डॉक्टर नाही, हेही लक्षात ठेवा.

तुमचा आज दुसरा दिवस आहे. कुत्र्याला आडवं निजवा, दुसऱ्या मांडीवरही बोट फिरवून फरक बघा. खड्डा लागला तर शिवायचं की नाही ते डॉक्टरांना आजच ठरवू द्या.