मुलांच्या पोटाला सीटबेल्टनेच इजा होते म्हणे, मग लावावा की नाही?

तुमची मुलगी सात वर्षांची. जळगाव-धुळे जाता-येता मागच्या सीटवर मधोमध, नुसत्या कमरेच्या पट्ट्यात बसते. समोरून धडक बसली तर पट्टाच आतडं फाडतो, त्यापेक्षा न लावलेला बरा, असं कोणीतरी तुम्हाला सांगितलं.

पहिला भाग खरा, दुसरा साफ चूक. ताशी ५० किमीने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर २० किलोचं मूल जवळपास २८० किलोच्या जोराने पुढे ओढलं जातं. मांडीवर घेतलेलं मूल कुणाच्याही हातात राहत नाही.

घात होतो तो पट्टा पोटावर चढल्याने. मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडांचे पुढचे कंगोरे पट्टा अडवून धरतात. साधारण दहा वर्षांपर्यंत ते पुरते तयार झालेले नसतात. शिवाय मांड्या आखूड, त्यामुळे गुडघे सीटच्या कडेपर्यंत येत नाहीत. मग पाय खाली सोडायला पोर पुढे घसरतं, पोक काढून बसतं आणि पट्टा बेंबीशी येतो. धडकेत अंग त्या पट्ट्यावर अडकित्त्यासारखं मिटतं. पट्टा आणि मणका यांच्यात आतडं चिरडतं, आणि कमरेचा मणका मागून ताणला जाऊन आडवा फाटतो. त्याला चान्स फ्रॅक्चर म्हणतात. यात नशिबाचा संबंध नाही, १९४८ साली त्याचं वर्णन करणाऱ्या डॉक्टरचं ते आडनाव.

तेव्हा मुलीला आधी खिडकीच्या जागेवर आणा, जिथे खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा असतो. मधला नुसता कमरेचा असेल तर तिथे मोठं माणूस बसू दे. तिच्या खाली बूस्टर सीट, म्हणजे मुलाला उंच बसवणारी टणक बैठक, द्या. उंची साधारण १४५ सेंमी होईपर्यंत ती लागते, वय कितीही असो. गोधडीची घडी किंवा उशी चालत नाही. धडकेत ती दबते, मूल पट्ट्याखालून सरकतं. खालचा पट्टा मांड्यांच्या मुळाशी टेकलेला हवा, वरचा गळा आणि खांद्याच्या मधून. गळ्याला घासतो म्हणून तो काखेखालून किंवा पाठीमागून घेतला, की उरतो पुन्हा नुसता कमरेचा पट्टा. झोपल्यावर मूल घसरतं. पाठीची आणि डोक्याशी कडा असलेली बूस्टर इथे कामाला येते.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीतलं बकल चटका देतं, मग मुलं पट्टा नको म्हणतात. गाडी लावताना त्यावर फडकं टाकून ठेवा.

कायद्याचंही सांगतो: १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब खाली १,००० रुपये दंड आहे.

अपघात झालाच आणि पोटावर पट्ट्याचा आडवा लाल-निळा वळ दिसला, तर मूल हसत-बोलत असलं तरी १०८ ला फोन करा. उचलून कडेवर घेऊ नका, पाठ सरळ राहू द्या. घाबरलंय म्हणून साखर-पाणी किंवा हळदीचं दूध देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. डॉक्टरांना वळ दाखवा. पाठ दुखते का, पायाला मुंग्या येतात का, तेही सांगा. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून लगेच घरी नेऊ नका. आतड्याचं लहान छिद्र पहिल्या तपासणीत, कधी सीटी स्कॅनमध्येही दिसत नाही. उलट्या, पोट फुगणं, ताप ही लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतात, म्हणून त्याच डॉक्टरांनी पोट पुन्हा पुन्हा तपासलेलं बरं.