मुंबईतल्या गोराईला वडिलांची दहा गुंठ्यांची वाडी आहे. एप्रिलपासून तिथे राहणार आहोत. उन्हाळ्यात कुंपण कसं घालावं आणि रोजची कामं कशी उरकावीत?

मी पलीकडे मनोरीला राहते, वाडी साधारण तुमच्याएवढीच. तुम्ही प्रश्न दोन विचारलेत, पण कुंपणाला दिवसात किती वेळ मिळणार हे पाणीच ठरवतं. म्हणून आधी पाण्याचं.

आपल्या किनारपट्टीवर विहिरीत वर गोडं पाणी आणि त्याखाली खारं. मे महिन्यात पंप लावून एका दमात उपसा केला की खालचं वर चढतं आणि पाणी मचूळ होतं. माड ते सोसतो, भाजी सोसत नाही, पानं कडेने करपायला लागतात. तेव्हा पहाटे थोडं, संध्याकाळी थोडं काढायचं आणि मधल्या वेळात विहिरीला भरू द्यायचं. पंप सुरू केला की पाण्याचा थेंब जिभेला लावून बघायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. आळ्यात पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, टाका, त्यावर नारळाची सोडणं पालथी रचा. फक्त खोडाला चिकटवू नका, वाळवी येते.

सकाळी पाणी, कोंबड्या सोडणं, झाडलोट एवढं सातपर्यंत उरकलं तर कुंपणाला दहापर्यंतचा वेळ हातात येतो. त्यानंतर उन्हात खणू नका. इथे पारा नागपूरसारखा चढत नाही, पण घाम वाळत नाही आणि माणूस न कळत गळून जातो. मधली दुपार सावलीतल्या कामांना ठेवा: माडाच्या झावळ्यांची झापं विणणं, काठ्या सोलणं, पावसाळ्याची लाकडं फोडून पडवीत रचणं. पहारही सावलीत ठेवा. उन्हात राहिलेली पहार चारच्या सुमाराला हातात धरवत नाही.

आता कुंपण. खड्डा मारण्याआधी हद्द पक्की करा. सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड घेऊन भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करा. शेजाऱ्यांना नोटिसा जातात, त्यांच्यासमोर खुणा होतात आणि नकाशाची 'क' प्रत तुमच्याकडे राहते. वाडवडिलांनी लावलेला माड हीच हद्द असं सगळेच सांगतात, आणि तो माड नेमका कोणाचा यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं.

दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. जागा चौकोनी असेल तर घेर सुमारे ४१७ फूट, लांबट असेल तर जास्त. आठ-आठ फुटांवर खांब धरले तर पन्नासच्या वर लागतील, आणि तारेच्या चार ओळी म्हणजे साधारण १,७०० फूट तार. काटेरी तार किलोवर मिळते, पण इथल्या खाऱ्या हवेत स्वस्तातली तार लवकर गंजते. जस्ताचा जाड मुलामा असलेलीच मागा, तिथे काटकसर करू नका. सिमेंटचे खांब खाडीपलीकडून होडीने यायचे नाहीत, टेम्पो भाईंदर-उत्तन रस्त्याने फिरवून आणावा लागतो. म्हणून खांब, तार, सिमेंट एकाच खेपेत मागवा.

सात फुटी खांब निदान दोन फूट जमिनीत हवा. आपल्याकडची पुळण, म्हणजे रेताड जमीन, कोरडी असताना खणली तर जेवढी काढाल तेवढी परत आत ढासळते. आदल्या संध्याकाळी खांबाच्या जागी दोन-तीन बादल्या पाणी ओता, सकाळी खड्डा कडेने उभा राहतो. पहारीने माती मोकळी करायची आणि खोल गेल्यावर पालथं पडून करवंटीने उपसायची, फावडं तिथे पोचत नाही. चारही कोपऱ्यांचे खांब आधी काँक्रीटमध्ये रोवा आणि त्यांना आतून दोन्ही दिशांना तिरके टेकू द्या. तारेचा सगळा ताण कोपऱ्यावर येतो, टेकू नसेल तर पहिल्या पावसात माती भिजली की खांब आत झुकतो. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून मधले खांब ओळंब्यात उभे करायचे. काँक्रीट आठवडाभर ओलं ठेवा, त्याआधी तार ओढू नका. वाटेत माड किंवा आंबा आला तरी त्याला खिळा मारून तार बांधू नका. झाड वाढतं तशी तार खोडात रुतत जाते.

खाडीच्या बाजूला जागा लागत असेल तर जपून. तिवराची, म्हणजे खाडीकाठच्या कांदळवनातल्या झाडाची, काठी तोडायची नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून राज्यभर कांदळवन तोडायला बंदी आहे, आणि कांदळवनापासून ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामही चालत नाही. त्या बाजूला काँक्रीट ओतण्याआधी विचारून घ्या.

पक्की भिंत मात्र कोणी कितीही सुचवली तरी घालू नका, हे माझं मत. परवानग्यांचं राहू द्या, जुलैत वरच्या अंगाचं पाणी भिंतीला अडतं आणि वाडीत तळं होतं. हिरव्या जाळीचंही काही खरं नाही, जूनच्या वाऱ्यात तिच्या चिंध्या होतात.

खरं कुंपण झाडांचं. ते उन्हाळ्यात लावायचं नसतं, पण तयारी आत्ता करायची. गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, कोणाकडे आहे ते बघून ठेवा. मुंबईत मोसमी पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून. दोन चांगल्या सरी पडून गेल्या की मनगटाएवढ्या जाड, पाच-सहा फुटी काठ्या तोडून तारेच्या आतल्या बाजूने हात-हातभर अंतरावर फूटभर खोल रोवा. आतल्या बाजूनेच, कारण कोवळी पालवी बकऱ्या ओरबाडतात. पुढच्या वर्षांत काठ्यांचीच दाट वई होते, वर्षातून दोनदा छाटली की पाला आळ्यात घालायला होतो. शेर लावा असंही कोणी सुचवेल. त्याला जनावर तोंड लावत नाही हे खरं, पण चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. घरात लहान मूल असेल तर नकोच.

फाटक दहा फुटांचं ठेवा, टेम्पो आत आला पाहिजे. ते आतल्या बाजूला उघडू द्या आणि बिजागरीचा खांब कोपऱ्याच्या खांबाइतकाच मजबूत रोवा. कोंबड्या पाळणार असाल तर तारेच्या खालच्या दोन ओळींना बारीक जाळी बांधून ती वीतभर जमिनीत पुरा, मुंगूस खालूनच येतं.